मधलं नाव

लोवेलच्या हाउसिंग ऑफिसात, तीन नंबरच्या खिडकीशी
केओबाईंनी माझा अर्ज उलटा केला, सुलटा केला
आणि मधल्या चौकोनावर पेन टेकवून विचारलं,
हा उत्तम कोण? हाही राहतो का तुमच्या घरात?

नाही हो. नाव राहतं.
माणसाला जाऊन सहा हिवाळे झाले.
टेक्सासात असतो म्हणे, किंवा नसतो.
आमच्याकडे बाईच्या नावात मधे एक पुरुष असतो,
लग्नाआधी एक, नंतर दुसरा,
कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेल्या पाचरीसारखा.
हे इंग्रजीत सांगायला गेले
आणि पाचरीपाशीच अडले.
ऋता म्हणाली, इट्स जस्ट हर मिडल नेम.
पंधरा वर्षांची आहे. तिची वाक्यं लहान असतात.

घरात माणसं: दोन. बाईंनी लिहून टाकलं.
मला वाटलं होतं, याला वेळ लागेल.

मग पगाराच्या चिठ्ठ्या, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतल्या, आठ.
मालकाचं पत्र: एक तारखेपासून साडेतीनशे डॉलर जास्त,
खाली हॅपी न्यू इयर.
गॅसचं बिल, ऋताच्या शाळेचा दाखला.
मी सगळं चादरींसारखं मांडलं होतं,
कडेला कड लावून. हाताची सवय.
त्यांनी ते विस्कटूनच तपासलं.

पान नऊ. परदेशात मालमत्ता?

ऋता ‘नो’वर बोट ठेवणारच होती.
थांब, म्हटलं.
पत्रात होतं, नाव असलेला प्रत्येक कागद आणावा,
आणि माझं नाव असलेले कागद असे किती?
पर्समधून सातबारा काढला,
अप्पाने फोनवर पाठवलेला, लायब्ररीत छापलेला,
पेन्सिलीने खाली मीच इंग्रजी केलेला.
तिघा भावांच्या नंतर, इतर हक्कांत:
शालन दादू खोचरे.

दादू कोण, हे बाईंनी विचारलं नाही.
दोन्ही कागद शेजारी ठेवून
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
या दोघी एकच?

मला पटकन हो म्हणता आलं नाही.

किती जमीन? वाटणीला आले तर सात गुंठे,
त्यात निम्मा मुरूम.
उत्पन्न? वर्षाला एक फोन.
भाऊबीजेला अप्पा विचारतो, अक्का, हक्कसोडीची सही कधी करतेस?
मी म्हणते, आले की बघू.
अठरा वर्षं म्हणतेय.

विकता येईल का तुम्हाला ती?
ऋताने माझ्यासाठी मराठी केलं, आई, तुला ते सेल करता येतं का?
मी हसले. केओबाईही हसल्या, जरा उशिरा.
त्यांचीही असेल कुठे कंबोडियात,
भावांच्या खाली एक ओळ.
काचेतून एवढं काही कळत नाही.

एक सही केली असती
तर पान नऊ कोरं राहिलं असतं.
पण तिथे राहायला मी कधी जाणारच नव्हते.
तिथून मला काढायचं तर माझीच सही लागते, एवढंच.
इथे मालकाला एक पत्र पुरतं.

बाईंनी रकान्यात काहीतरी लिहिलं,
आकडा नव्हता, दोन ओळी होत्या.
उलट्या बाजूने मला वाचता आल्या नाहीत.
मग शिक्का. यादीत नंबर दोन हजार तीनशे सोळा.
चार वर्षं, म्हणाल्या. पाचही.
पत्ता बदलला तर कळवा.

बाहेर कालव्यावर मळकट बर्फ.
बसस्टॉपवर ऋता म्हणाली,
माझ्याही मधे तोच आहे. काढता येतो?

बघू, म्हटलं.
त्यालाही एक अर्ज असेल.

बस अकरा मिनिटांवर होती.
तिने माझ्या हातातली फाइल घेतली
आणि थंडी वाजत होती म्हणून
कोटाच्या आत, छातीशी धरली.