दामदुप्पट: शेवटचा प्रसंग

शेवटी साबरी बे पळतो.
काखेत सुटकेस, एकाच पायात बूट,
दुसरा न्हाव्याच्या दारात राहिलेला.
चाळीस दिवसांत दामदुप्पट म्हणाला होता;
आज एक्केचाळिसावा.

मागे सगळं गाव:
फुटाणेवाला, इमाम, तारमास्तर,
लग्नातल्या बांगड्या मोडून पैसे भरलेली मुझय्यन,
आणि एक शेळी,
जिचं काहीच बुडालेलं नाही.

धावती बस पकडून तो हुश्श करतो,
तर कंडक्टर तिकिटाऐवजी खिशातून
पावती काढतो. त्याच्याच सहीची.
ड्रायव्हर आरशात बघत दुसरी हलवतो.
इथे उघड्या थिएटरात लोक इतके हसायचे,
सूर्यफुलाच्या बिया घशात अडकायच्या,
पुढचं वाक्य आमच्या गावात
कुणी कधी ऐकलेलंच नाही.

सुटकेस उघडतात.
आत नोटा नाहीत, पावत्याच.
इस्तंबूलच्या कुणा मोठ्या साहेबाने
साबरी बेला दिलेल्या:
महिन्यात तिप्पट.

कॅमेरा त्याच्या तोंडावरून हलत नाही.
तो हसतोय की रडतोय
यावर आमच्या गल्लीत अजून दोन तट आहेत.

मग पेट्रोल संपतं. सगळे खाली उतरतात
आणि ज्याने बुडवलं तो, ज्यांचं बुडालं ते,
मिळून बस ढकलतात.
धूळ. झुर्ना. समाप्त.

डावीकडून तिसरा, बंडीतला, माझा बाप.
नेवझात कल्हईवाला.
चार सेकंद.
बैरामच्या दुपारी टीव्हीवर सिनेमा लागला
की चहाचा पेला खाली ठेवून म्हणायचा,
"गप्प बसा, आलो मी."

दिवसाचे वीस लिरा ठरले होते, वर जेवण.
जेवण मिळालं. पाव आणि टरबूज.
हिशेब सकाळी करू, मॅनेजर म्हणाला.
सकाळी चिनाराखाली चाकांचे वळ
आणि साबरी बेचा तो बूट.
न्हाव्याने तो कितीतरी वर्षं
फळीवर ठेवला होता, पुसूनबिसून,
न जाणो कुणी मागायला आलं तर.

गेल्या हिवाळ्यात, पडद्यावरून नजर न काढता,
बाप म्हणाला,
"मी ढकलत नव्हतो. हात नुसते टेकवलेले.
कुणीच ढकलत नव्हतं.
आधी पैसे द्या म्हटलं तर नाही म्हणाले."

मग बस गेली कशी?

"उतार होता,"
आणि चमचा शोधायला लागला,
जो त्याच्या हातातच होता.

यंदा मी एकटीच बघतेय.
खरंच, तळवे सपाट, कल्हईने काळे,
कोपरांत काही जोर नाही.
पण मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या,
दातांवर दात, डोळे मिटलेले,
जणू अख्खं गाव तोच घाटावर चढवतोय.

एवढं कुणी सांगितलं नव्हतं त्याला.
वीस लिरांत हे धरलेलंही नव्हतं.