रकाना अकरा

'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?'
होय आणि नाहीच्या मध्ये एक तिरकी रेघ.
बाकी अर्ज भरून झाला होता:
भटू निंबा बोरसे, बारावी, दुसऱ्या खेपेला,
मुक्काम थाळनेर, तालुका शिरपूर.
त्या रेघेवर पेन इतका वेळ टेकून राहिला
की शाई मागच्या पानावर उतरली,
तिथे धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख विचारली होती.

होय.
विहिरीवरच्या मोटारींची केबल. सात शेतं.
अमावास्येला तांबं सोलताना
बॅटरी लागायची नाही मला,
रबर कुठे संपतं ते बोटांना कळायचं.
धुळ्याच्या जेलात अकरा महिने.
तिथेच बराकीतल्या एका म्हाताऱ्याला लकवा मारला
आणि त्याची कूस बदलायला
कोणी तयार नव्हतं म्हणून
मी.
पश्चात्ताप वगैरे नंतर आला.
आधी वास आला.

गावित सिस्टरांनी अर्ज वाचला.
चष्मा काढला, पुसला, परत घातला.
खाडाखोड नाही केलीस ते बरं केलंस, म्हणाल्या.
पोलिसांच्या दाखल्यासाठी चार खेपा.
चौथ्या खेपेला हवालदार म्हणाला,
तू? पेशंटला हात लावणार?
मी हात खिशात घातले.

नाडी अंगठ्याने नाही, तीन बोटांनी!
सिस्टर ओरडल्या,
आणि बोटांखाली काहीतरी चालू होतं.
चालू तार मी कधी धरली नव्हती,
नेहमी फ्यूज काढूनच.

मग एकदा औषधाच्या कपाटात
एक इंजेक्शन कमी भरलं.
कोणीही माझ्याकडे बघितलं नाही.
इतकं जपून बघितलं नाही
की मी कुठे उभा आहे
ते भिंतीलासुद्धा कळलं.
सकाळी ते डॉक्टरांच्या कोटात सापडलं.
कोणी माफी मागितली नाही,
आरोप कुठे कोणी केला होता?
सिस्टरांनी कपाटाची किल्ली
त्या रात्री माझ्या तळहातावर ठेवली.
मी अजून तीनदा मोजतो. कदाचित मरेपर्यंत मोजेन.

काल सात नंबरच्या खाटेवरचे झुलाल आप्पा,
कमरेचं हाड मोडलेले,
अंधारात विचारू लागले,
"कोना पोऱ्या शे रे तू?"
"निंबा बोरसेना."
बराच वेळ फक्त सलाइनचे थेंब.
"तोच का, केबलवाला?"
"हा. तोच."
त्यांची विहीर मला आठवली,
कठड्याजवळचं निंबाचं झाड,
आणि कुत्रं, जे भुंकलं नव्हतं.
"मंग उभा काय ऱ्हायना?
पाठ जळी ऱ्हायनी. फिराव माले."

एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली.
तीन म्हटल्यावर वळवायचं असतं.
तिनाच्या आधीच त्यांनी माझी बाही धरली, घट्ट,
चोराची धरतात तशी
किंवा पडणारा माणूस धरतो तशी.
मी विचारलं नाही.

तक्त्यावर लिहिलं: दोन वाजता कूस बदलली, डावी.
पुन्हा चार वाजता.
खाली सही.