हिरवी वही

सांग्याहून अधिकारी बाई आल्या, धुमे म्हणून.
लॅपटॉप टेकवला माझ्याच जुन्या टेबलावर,
चहाच्या पेल्याचं तांबडं वर्तुळ अजून आहे तिथं.
म्हणाल्या, दंड वेगळा. तो नंतर.
हा फक्त नफा परत घ्यायचा,
मुळात त्यांचा नव्हताच तो.
तुम्ही काट्यावर होता ना?

होतो. नऊ वर्षं.
टिपर चढायचा, काटा थरथरायचा, थांबायचा,
मी आकडा लिहायचो.
दहा टन पांढऱ्या वहीत,
वरचे सहा हिरव्या.
पांढरी खाण खात्याला जायची,
हिरवी माझ्या डब्याच्या पिशवीतून घरी,
सुक्या बांगड्याच्या वासात.
जाळ म्हणाले होते. जाळली नाही.
धैर्य वगैरे नव्हे,
भिऊनच ठेवली असेल.

बाई मांडत गेल्या:
इतके टन, त्या महिन्याचा भाव,
वजा डिझेल, वजा ड्रायव्हर,
वजा सावर्ड्याच्या धक्क्यावरची बार्ज.
मी म्हटलं, चोराच्या शिडीचं भाडंही वजा?
'नियम आहे,' म्हणाल्या.
आणि बऱ्याच वेळानं, पडद्याकडे बघत,
'मलाही पटत नाही.'

दुपारी वीज गेली.
दारात जयवंती वेळीप. हातात कळशी नव्हती,
तरी कमरेला बाक तोच, कळशीचा.
तिच्या कुळागरात झर यायची वरच्या डोंगरातून.
आधी तांबडी आली, मग दाट,
मग आलीच नाही.
माडी उभ्या उभ्या वाळल्या.
'म्हजी झर खंयच्या पानार बरयल्या?'
मी दोन्ही वह्या चाळल्या. खरंच चाळल्या.
पाणी टनात लिहायची रीत नव्हती आमच्यात.

रात्री माझी बेरीज केली.
दर टिपरमागे चाळीस रुपये, शनिवारी, पाकिटात.
त्यात घराची स्लॅब,
सुगंधाचं नर्सिंग,
आणि चवथीची माटोळी,
कारण कांगलां, घागऱ्यो डोंगरावर मिळेनात,
डोंगरच जाग्यावर नव्हता,
म्हणून फोंड्याच्या बाजारातून विकत आणली,
त्याच चाळिसांतून.

सोमवारी केप्याच्या ट्रेझरीत गेलो पैसे घेऊन.
सगळे नाहीत. जमले तेवढे.
कारकुनानं चलन उलटंसुलटं केलं.
दंड? नाही.
भाडं? नाही. देणगी?
देणगी कशी म्हणू?
'मग याला लेखाशीर्ष नाही, बाब,'
असं म्हणून त्यानं पुढच्याला हाक मारली.

रिवणला बशीतून उतरलो, चढणीनं वर गेलो.
जयवंतीच्या सोप्यावर पिशवी ठेवली.
काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं,
ते चढणीवरच सांडलं कुठंतरी.
तिनं पिशवीत पाहिलं नाही.
'पयलीं बस,' म्हणाली. 'उदक घे.'

टँकरचं होतं.
पेला खाली ठेवता येईना,
म्हणून सगळं प्यालो.