एक बरोबर एक

धायरीत, पिठाच्या गिरणीच्या वर माझी खोली.
नऊला पट्टा थांबतो, टेबल थरथरायचं थांबतं,
मी लॅपटॉपवरचं पीठ ओढणीनं पुसते
आणि दुकान उघडते.

छत्र्यांचं दुकान. कुठेच नसलेलं.
पत्ता एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक,
म्हणजे हेच यंत्र, हीच खोली.
आपल्याच घरी घरफोडी शिकायची,
कुणाची हरकत नाही.

ज्यानं हे बांधलं
तो किती काळजीपूर्वक निष्काळजी राहिलाय!
इथे फट, तिथे कडी उलटी,
गल्ल्याची किल्ली पायपुसण्याखाली.
गिऱ्हाईक म्हणून एक बंडू चाचणीकर,
ज्याचा जन्म एक जानेवारीचा
आणि फोन नंबर सगळे नऊ.

अकरा दिवस काहीच उघडलं नाही.
फिरोज बागवान फोनवर म्हणाला,
"ताई, दार ढकलू नका. दाराशी बोला."

शाळेत कुदळेबाई अर्धा मार्क कापायच्या
अवतरणचिन्ह उघडून न मिटल्याबद्दल.
"तुझा राजा आता मरेपर्यंत बोलतच राहणार का गं?"
बाराव्या रात्री नावाच्या चौकटीत
मी तेच चिन्ह टाकलं, एकेरी, आणि मिटलं नाही.
दुकान अडखळलं,
लाल अक्षरांत पोटातलं बोलून गेलं.
मग त्या चिन्हामागे लिहिलं:
किंवा एक बरोबर एक.
एवढंच. यात खोटं काय आहे?
दुकानानं मान डोलावली
आणि मालक समजून मला आत घेतलं.

मी उठून उभीच राहिले. खाली कुत्रं भुंकत होतं.
चहा केला. दोन कप, सवयीनं.

दिवसा मी वारज्याला पतसंस्थेत असते,
तिसरी खिडकी, आवक-जावक.
खाती ऑनलाइन झाली तेव्हा पेढे वाटले.
मी माझं खातं उघडलं
आणि वरच्या पट्टीत, पत्त्याच्या टोकाला,
चारशे सतरा.
दोन महिन्यांपूर्वी दिसलं नसतं मला.

चारशे अठरा म्हणजे शकील आत्तार,
फाट्यावरचा सायकलवाला.
दर सोमवारी पहिल्या खिडकीशी
तळहातानं स्लिप झाकून भरतो.

एक अंक पुसायचा, एक टाकायचा.
रात्री हे दहादा केलंय मी,
चाचणीकरच्या तीन निळ्या छत्र्या पाहिल्यात,
त्याची सूटसुद्धा वाढवून दिलीय.
बोट सातावर होतं. उचललं.
दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले,
थंडी वाजल्यासारखी.

पत्र लिहिलं. शिक्का मीच मारला,
आवक क्रमांक बाराशे सहा.
कोंढाळकर साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
"उघडून पाहिलंत?"
"नाही."
"मग कळलं कसं?"
रात्रीच्या दुकानाचं सांगायला गेले
तर "छत्र्या" म्हणेपर्यंतच त्यांना फोन आला.
पत्र टेबलाच्या काचेखाली गेलं,
गेल्या सालच्या कॅलेंडरवर.

फिरोज म्हणाला, "पुन्हा लिहा. तारीख टाकून."
लिहिलं. बाराशे एकतीस.

शुक्रवारी फाट्याजवळ मागचं चाक बसलं.
शकीलनं ट्यूब काढली, हवा भरली,
पाण्याच्या घमेल्यात वीतवीत बुडवत गेला,
दाबून, थांबून, पुढे सरकून.
घाई नाही, रागही नाही.
एका जागी बारीक बुडबुडे आले, मोहरीएवढे.
"हे बघा," म्हणाला, आणि पेनानं खूण केली.
मी बघितलं.
तेवढ्यात सांगावंसं वाटलं,
शब्द जुळवेपर्यंत त्यानं ठिगळ बसवलंही.

किती झाले विचारलं
तर त्यानं क्यूआरचा पुठ्ठा पुढे केला.
मी पर्समध्ये सुट्टे शोधत राहिले.