गुडघ्यातली अक्कल

आमच्याकडे मूर्खाला म्हणतात, याची अक्कल गुडघ्यात.
टोबिन आस्क्यूला हे मी तिसऱ्या आठवड्यात सांगितलं,
ग्रिम्सबीच्या त्या बुटक्या खोलीत,
जिथला हीटर फक्त खिडकी गरम करतो.
तो हसला नाही. म्हणाला, खरंच आहे,
आता सगळा विचार तोच करतो.

आवाज त्याने एकट्यानेच ऐकला होता.
चार हजार माणसं, खारा वारा, गोलमागे ढोल,
आणि आत, कातडीखाली,
ओली फांदी पिळून मोडावी तसं काहीतरी.
कोणी धक्का दिला नव्हता.
चेंडूही नव्हता जवळ.
नुसता वळला होता.
हे त्याला अजून खुपतं,
की रागवायला माणूसच नाही.

सर्जनने मांडीच्या मागची एक दोरी काढून
गुडघ्यात ओवली.
घरचंच कापड, घरालाच ठिगळ.

टाचेखाली टॉवेलची गुंडाळी.
दाब. सोड. दाब.
स्नायू ऐकत नाही.
मी दोन बोटांनी टकटक करते,
रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी,
आणि आतून कोणीतरी कूस बदलल्यागत
एक बारीक थरथर.
मग टेप. डावी मांडी उजवीपेक्षा
साडेतीन सेंटिमीटर कमी.
तो आकडा विचारतो, मी सांगते.
कधी कधी अर्धा सेंटिमीटर
माझ्या पदरचा घालते.

दहा वाजता खिडकीबाहेर बाकीचे धावतात.
त्यांच्या तोंडातून वाफ निघते.
त्याच्या जागेवर आता एकोणीस वर्षांचा लिंडन खेळतो,
जो रोज न चुकता त्याला चहा आणून देतो
आणि रोज दारातच घुटमळतो.
एका सकाळी टोबिनने सायकलचं तोंड भिंतीकडे केलं.
भिंतीवर आग लागल्यास काय करावे याच्या सूचना आहेत.
त्या त्याला पाठ झाल्यात.

करार जूनमध्ये संपतो.
रात्री सापाला सापच म्हणत नाहीत, तसं
इथे जूनला कोणी जून म्हणत नाही.
उन्हाळा म्हणतात.

गुरुवारी मानसोपचाराच्या बाई लॅपटॉपवर येतात.
दार लावलेलं असतं, पण दार पातळ आहे.
‘झोप लागते,’ तो सांगत होता,
‘झोपेतच तर मी वळतो.’

त्याची चार वर्षांची रेन घरात पप्पा-पप्पा खेळते,
म्हणजे सोफ्यापासून फ्रिजपर्यंत लंगडत जाते.
हे त्याने हसत हसत सांगितलं,
आणि त्या दिवशी लवकर जाऊ का म्हणून विचारलं.

सातव्या महिन्यात यंत्र म्हणालं, ताकद ब्याण्णव टक्के.
उरलेले आठ कुठे राहतात
ते यंत्राला माहीत नाही.
मला दिसले: सरावात चेंडू दोन हातांवर होता,
समोरून लिंडन येत होता,
आणि रस्त्यात पोराला मागे ओढावं
तसा टोबिनने पाय मागे ओढला.
कोणी काही बोललं नाही.
लिंडनने चेंडू उगाचच बाहेर मारला.

मग मार्चमधला एक मंगळवार.
गाडी बायकोकडे, आणि क्लीथॉर्प्सची बस
थांब्यावरून सुटत होती.
मी खिडकीत कप विसळत होते.
खांद्यावर बॅग, तो सुसाट निघाला,
फूटपाथची कड ओलांडली,
बाबागाडी ढकलणाऱ्या बाईला वळसा घालताना
डाव्या पायावर, त्याच पायावर,
गर्रकन वळला,
आणि बंद होणाऱ्या दारात शिरला.
कपातून पाणी वाहत राहिलं.
त्याला काहीच कळलं नव्हतं.
गुडघा त्या क्षणी बसचा विचार करत होता.

दुसऱ्या दिवशी तो जिना कठडा धरूनच चढला.
टेबलावर बसून विचारलं, आज किती?
मी टेप लावली.
होता तेवढाच आकडा सांगितला.

बसचं बोलले नाही.