नववं रीळ

डबा उघडला की आधी व्हिनेगरचा वास येतो,
मग राजा.
कमरेपाशी गंज, डाव्या खांद्यावर
बुरशीचं नक्षीकाम,
कुठल्याच शिंप्यानं न शिवलेलं.

सोबतच्या चिठ्ठीत एवढंच :
तमिळ, ऐतिहासिक, कृष्णधवल.
रिळं चौदा, मिळाली अकरा.
नववं मुकं.

एरंडवण्यात तळघरात बसते मी, हातमोजे घालून.
बाहेर एप्रिल, आत स्वेटर.
तमिळ येत नाही.
हा राजा उंचीनं केवढा होता कोण जाणे,
माझ्याकडे तो पस्तीस मिलिमीटर रुंद आहे
आणि त्याचं राज्य मी कापसानं पुसते,
वीतभर सकाळी, वीतभर जेवणानंतर.
कुठे तीन चौकटी फाटलेल्या निघतात.
मग त्याचा हात वर असतो आणि लगेच खाली,
मधली आज्ञा केराच्या टोपलीत.

नवव्या रिळात हत्ती नाहीत, सैन्य नाही.
कोरड्या तळ्याच्या पायऱ्या उतरून तो येतो
आणि चार मिनिटं बोलतो.
काठावरची आवाजाची पट्टी विरघळून गेलीये.
तोंड उघडतं, मिटतं,
दवाखान्यातल्या टाकीतल्या माशासारखं.

स्टोअरमधले बोडके म्हणाले, रास्ता पेठेत एकजण आहेत.

कल्याणसुंदरम. वय एकोणऐंशी, इस्त्रीचा सदरा.
रिक्षावाल्याशी भांडून खाली उतरले,
त्याच्या ओठांवर काय वाचलं ते मला सांगितलं नाही.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं,
चाचणी विभाग.
"कान तिथेच जमा केले," म्हणाले,
"पेन्शन घेऊन निघालो."
तेव्हापासून घरी तमिळ ओठ,
मंडईत मराठी ओठ.
मी सांगितलं, सिनेमा मुका आहे हो.
ते म्हणाले, "सगळेच असतात."

पहिल्यांदा पाहिलं, काही बोलले नाहीत.
दुसऱ्यांदा चष्मा पुसला.
तिसऱ्यांदा सांगू लागले :
राजा म्हणतो, हे तळं आम्ही खणलं.
मग नावं घेतो.
खणणाऱ्यांची?
नाही. आजोबांची, पणजोबांची, त्यांनी जिंकलेल्या गावांची.
"भाषा चांगली आहे," म्हणाले, "जुनी. आता कुणी असं बोलत नाही.
तेव्हाही बोलत नसतील."

आणि मग काचेवर बोट ठेवलं. थांबवा.
इथे विसरला.
डोळे बघा, कॅमेऱ्याच्या मागे कुणाला तरी शोधतायत.
काय म्हणतोय?
"तण्णी."
म्हणजे?
"पाणी."

राजा मागतोय की नट, मी विचारलं,
पण पडद्याकडे बघत विचारलं,
म्हणून वळून पुन्हा विचारावं लागलं.
बराच वेळ त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.
मुकुट जड असेल, म्हणाले. ऊन असेल.
तळंही कोरडं आहे.
ओठ तेवढं वेगळं करून सांगत नाहीत, बाई.

चौथ्यांदा मलाच दिसला तो :
उजव्या कडेनं आत आलेला हात.
काचेच्या बांगड्या, पितळी पेला.
राणीचा नव्हे, राणीच्या हातात सोनं आहे.
आठ चौकटी. सेकंदाचा तिसरा भाग.
मग कट, आणि राजा पुन्हा
सुरुवातीपासून आपले आजोबा सांगायला लागतो.

वरून लेखी सूचना आहे :
चित्रीकरणातल्या चुका गाळाव्यात,
प्रेक्षकांचा रसभंग होतो.

जाताना कल्याणसुंदरम कूलरपाशी थांबले.
पेला हातभर वर धरला, मान मागे टाकली,
धार सरळ घशात.
ओठांना थेंब लागू दिला नाही.

मी आत आले, हातमोजे चढवले.
रीळ गुंडाळलं.
नोंदवहीत 'गाळलेल्या चौकटी' असा रकाना आहे,
तिथे शून्य लिहिलं
आणि सही केली, वाचता येईल अशी.