चौदा किलो दोनशे ग्रॅम

रिकामी टाकी पंधरा-सोळा किलो, भरलेली तीस.
मधला फरक पोचवणं हा माझा धंदा.
इलठणपाड्याच्या पायथ्याशी टेम्पो थांबतो,
पुढे खांदा.
एकशे बारा पायऱ्या;
त्यातल्या चार कुणीतरी घरात घेतल्यात.

वहीत माझ्या नावं आहेत, पत्ते नाहीत.
छबुताई, नळाजवळ.
ग्यानवती, गिरणीच्या मागे.
झमकाबाई राठोड, सगळ्यात वर, जिथून धरण दिसतं.
आणि नावांपुढे तारखा.

खाली ऐरोलीत तारखा सरळ असायच्या,
दर चाळीस दिवसांनी एक.
आता तिथे पाइप आला,
वॉचमन मला ओळखत नाही.
वरच्या तारखा मात्र खोकल्यासारख्या, मध्येच अडकतात:
जानेवारी.
मग एकदम जुलै.
मधल्या दिवसांत काय जळलं
ते चुलीमागच्या भिंतीवर वाचता येतं.
एमआयडीसीतल्या खोक्यांच्या फळ्या,
सुताराकडचे प्लायचे तुकडे,
एकदा रंगाच्या कारखान्याचं लाकूड.
त्या दिवशी भाकरीला टर्पेंटाइनचा वास होता
आणि पोरांनी ती खाल्ली.

एजन्सीच्या काचेवर कागद लागला:
पात्र लाभार्थ्यांना सवलत.
बातमी मीच वर नेली,
पेढे वाटायला निघाल्यासारखा.

झमकाबाई म्हणाली, म्हणजे आता कमी द्यायचे?
नाही बाई, आता पुरते द्यायचे.
मग तीनशे परत येतात.
कुठं?
खात्यात.
ती तांदूळ निवडत होती. दोन खडे काढले, बाजूला ठेवले.
"परत यायला पैशाला आधी जावं लागतं ना, दादा?
ते जाणारे कुठनं आणू?"

वॉशर गळतोय, शेगडी भडकते, वास येतोय,
सगळ्याला माझ्याकडे उत्तर असतं.
मी टोपी काढून घाम पुसला.

गिरणीला लागून एक दुकान आहे.
तिथे नळी लावून छोट्या टाकीत गॅस भरतात, किलोवर.
मला ते दिसत नाही असं आमचं ठरलंय.
शनिवारी पगार झाला की ग्यानवती येते,
दीड किलो दे म्हणते, कधी एक.
मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला,
पटला नाही म्हणून पुन्हा केला.
ज्याच्याकडे एका टाकीचे पैसे नाहीत
तो सुटा घेत घेत
दीड टाकीचे भरतो.
भाव लिहिणाऱ्याचं गणित चुकलं असेल असं नाही.
तो पायऱ्या चढून आलेला नाही, एवढंच.

दिवाळीच्या आठवड्यात झमकाबाईच्या कार्डावर नोंदणी आली.
वर गेलो तर तिघी दारात.
नोटा तीन पदरांतून निघाल्या,
दहाच्या, वीसच्या, एक पन्नासची चिकटवलेली.
टाकी कुणाच्या घरात ठेवायची यावरून आधी भांडण झालं,
मग दिवस ठरले.
सोमवार-मंगळवार नळाजवळ,
बुध-गुरु गिरणीमागे,
उरलेले वर.
हलवायची कोणी? म्हटलं, पोरगा आहे की माझा, रविवारी.
ते तोंडातून गेलं आणि मग मागे घेता येईना.

पंधरा दिवसांनी पैसे आले.
झमकाबाई बँकेतून थेट पायऱ्यांवर येऊन बसली,
तिथेच वाटप.
तीनशेतले सतरा बँकेनं कापले होते,
कशाचे ते काउंटरवरच्या पोरालाही ठाऊक नव्हतं.
उरले दोनशे त्र्याऐंशी.
चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव,
छबुताईनं दोनदा मोजले.
एक रुपया उरला.

तो तिनं माझ्या हातावर ठेवला.
चढाचा, म्हणाली.
मी घेतला.